छाट कलमांना मध, दालचिनी की संजीवक?

छाट कलमे लावताना काही बागायतदार काडीचे खालचे टोक मधात किंवा दालचिनीच्या पुडीत बुडवितात. त्यामुळे कापावरील बुरशी व जंतूंना काहीसा आळा बसतो. मुळ्या मात्र ऑक्झिन या संजीवकामुळे फुटतात. अंजिराच्या पक्व काडीत मुळ्या सहज फुटतात, तेथे घरगुती उपाय पुरेसे आहेत. डाळिंबाला आय.बी.ए. वापरल्यास मुळ्या अधिक फुटतात. त्यासाठी २५० मिलिग्रॅम आय.बी.ए. ५० मि.लि. अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात पाणी घालून १०० मि.लि. द्रावण करावे व काडीचे टोक काही सेकंदच बुडवावे.

तेल्या रोग असलेल्या बागेतील काडी मात्र घेऊ नये. रोग काडीबरोबर नव्या बागेत जातो; मध, दालचिनी वा संजीवक तो रोखू शकत नाही.