दलाली की मजुरी? : लिंकवरच्या कमाईचा हिशेब

मनुष्य पोटासाठी काय विकतो यावरून त्याचे वर्ग पाडण्याची जुनी रीत आहे. शेतकरी धान्य विकतो, कारागीर वस्तू विकतो, कामगार आपले श्रम विकतो, आणि दलाल एकाचा माल दुसऱ्याला विकून मधली अडत घेतो. गेल्या तीस वर्षांत या शेवटच्या वर्गाला एक नवी शाखा फुटली आहे. तिला अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात. आमच्या कामगार संघटनेच्या कचेरीत पूर्वी तरुण येत ते नोकरी लावून द्या म्हणून, नाही तर गेलेली नोकरी परत मिळवून द्या म्हणून. अलीकडे काही जण निराळाच प्रश्न घेऊन येतात : ‘मोबाइलवरून लिंक देऊन कमिशन मिळते, तर नोकरी सोडून हेच पूर्ण वेळ करावे का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दाचे उत्तर नाही. पण त्याचा हिशेब मांडता येतो, आणि हिशेब मांडणे हे तर आमचे रोजचेच काम आहे.

आधी या व्यवहाराची रीत समजून घेऊ. इंटरनेटवर माल विकणारा विक्रेता, जो कोणी नाव नोंदवील त्याला एक लिंक देतो. त्या लिंकमध्ये त्या माणसाचा क्रमांक गुंफलेला असतो. हा माणूस आपल्या लेखात, चित्रफितीत किंवा परिचितांना पाठविलेल्या मजकुरात ती लिंक ठेवतो. वाचणाऱ्याने ती दाबली की तो विक्रेत्याच्या दुकानात पोहोचतो, आणि जाता जाता त्याच्या ब्राउझरमध्ये एक लहानशी नोंद बसते. या नोंदीला कुकी म्हणतात; 1994 साली नेटस्केप कंपनीत ती प्रथम वापरात आली. ठरलेल्या मुदतीत त्या माणसाने खरेदी केली, तर नोंदीवरून लिंक कोणाची हे कळते आणि त्याच्या नावे कमिशन जमा होते. अ‍ॅमेझॉन कंपनीने 1996 साली पुस्तकांच्या विक्रीसाठी ही पद्धत हाती घेतली आणि तेथून ती जगभर फैलावली.

आता यात डिजिटल मालाचे एवढे महत्त्व का? सॉफ्टवेअर, ई-पुस्तक, घरबसल्या शिकण्याचा अभ्यासक्रम, वेबसाइटसाठी भाड्याने मिळणारी जागा, या मालाला वजन नाही, गोदाम नाही, हमाली नाही. पहिली प्रत तयार करायला जो काय खर्च येईल तो येवो. दुसऱ्या प्रतीला जवळजवळ काहीच पडत नाही. विक्रेत्याचा खरा खर्च असतो तो गिऱ्हाईक शोधण्याचा. म्हणून तेल-साखरेवर शेकडा एक-दोन टक्के देणारा बाजार या मालावर तीस, चाळीस, पन्नास टक्केही देतो. क्लिकबँक या 1998 साली निघालेल्या अमेरिकन बाजारपेठेत तर काही मालावर 75 टक्क्यांपर्यंत कमिशन ठेवलेले असते. हे आकडे ऐकून डोळे दिपतात. पण दिपलेल्या डोळ्यांना पुढची ओळ वाचता येत नाही, आणि हिशेब तर पुढच्याच ओळीत असतो.

उदाहरणादाखल, एका कुटुंबाला महिना 30,000 रुपये लागतात असे धरू. अभ्यासक्रमाची किंमत 2,000 रुपये आणि कमिशन 30 टक्के; म्हणजे एका विक्रीमागे 600 रुपये. 30,000 साठी 50 विक्र्या हव्यात. लिंक दाबणाऱ्या शंभरांपैकी एक जण विकत घेतो असे मानले, तर 5,000 जणांनी लिंक दाबली पाहिजे. पाहणाऱ्या शंभरांपैकी दोघे ती दाबतात असे मानले, तर अडीच लाख वेळा ती कोणाच्या ना कोणाच्या नजरेखाली गेली पाहिजे; आणि तीही दर महिन्याला. शिवाय पन्नासांतील पाच जणांनी माल परत केला, तर तेवढे कमिशन कापले जाते. यातले प्रमाण हवे तर बदलून घ्यावे. पण गुणाकाराची पायरी कोणाला चुकत नाही.

दुसरा मार्ग जरा बरा आहे. जे सॉफ्टवेअर मासिक वर्गणीवर चालते, त्यातले काही विक्रेते गिऱ्हाईक टिकून राहील तोवर दरमहा कमिशन देतात. समजा, एका गिऱ्हाइकामागे महिना 150 रुपये मिळतात. 200 गिऱ्हाइके टिकली की 30,000 झाले. पण शंभरांतली पाच गिऱ्हाइके दर महिन्याला सोडून जातात असे धरले, तर 200 चा आकडा नुसता राखायलाच दरमहा 10 नवी गिऱ्हाइके लागतील. आणि शून्यापासून आरंभ करून दरमहा 10 जोडीत गेले, तर वर्षअखेर हाती राहतात सुमारे 92, दोन वर्षांनी 142, तीन वर्षांनी 168. म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी महिना 25,200 रुपये. एकही महिना खाडा न करता तीन वर्षे राबल्यावरचा हा आकडा आहे. यावर पोट भरता येत नाही असे आमचे म्हणणे नाही, भरणारे आहेत. पण झाड लावून फळाची वाट पाहण्याइतका धीर आणि तोवरची शिदोरी ज्याच्यापाशी आहे, त्याचेच हे काम.

येथवर झाली ती कमाईची बाजू. आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हे करणाऱ्याला आपण धंदेवाले आहो असे वाटते, आणि त्याला गळाला लावणारेही त्याला ‘स्वतःचा मालक’ म्हणतात. आम्ही मात्र मजुरीच्या कोणत्याही कामाला जे तीन प्रश्न विचारतो तेच येथेही विचारतो. दर कोण ठरवतो? माप कोणाच्या हाती आहे? आणि दाम केव्हा मिळतो?

सोलापूरच्या विडी कामगार बाईचे उदाहरण घेऊ. ती घरी बसून विड्या वळते. पान-तंबाखू कारखानदाराचा, दर हजार विड्यांमागे. तयार विड्या नेऊन दिल्या की त्यांतल्या काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढल्या जात. वळण्याचे श्रम तिचे, पण छाट ठरवणारा हात कारखान्याचा. ती घरी काम करते, तिच्यावर कोणाची हजेरी नाही, म्हणून ती कामगारच नव्हे, असेही तिला पुष्कळ वर्षे ऐकवले गेले. लिंकवाल्या तरुणाची स्थिती याहून फार वेगळी नाही.

दराचे पाहा. 14 एप्रिल 2020 रोजी, महासाथीने सारे जग घरात कोंडलेले असताना, अ‍ॅमेझॉनने अमेरिकेतल्या आपल्या अ‍ॅफिलिएटांना नवे दर कळवले आणि आठवड्याने, 21 एप्रिलपासून, ते लागू केले. घरसामानावरचे कमिशन 8 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आले, किराण्यावरचे 5 वरून 1 वर. काम तेच, श्रम तेच. मिळकत मात्र निम्म्याहून खाली. कारखान्यात अशी कपात झाली असती तर फाटकावर सभा झाली असती. येथे फाटकच नव्हते.

मापाचे पाहा. बहुतेक ठिकाणी रूढी अशी की, ज्याची लिंक सर्वांत शेवटी दाबली गेली त्याला सगळे कमिशन. आठवडाभर गिऱ्हाइकाला माहिती एकाने द्यावी, आणि दुकानाच्या पायरीशी उभा असलेल्या दुसऱ्याने दस्तुरी न्यावी, तसा हा प्रकार. 2024 च्या डिसेंबरात पेपाल कंपनीच्या ‘हनी’ या सवलतीचे कूपन शोधून देणाऱ्या साधनावर जाहीर आरोप झाला, की पैसे भरण्याच्या क्षणी ते दुसऱ्यांची नोंद पुसून स्वतःची बसवते. अमेरिकेत त्यावर दावे दाखल झाले. कंपनीचे म्हणणे असे, की शेवटच्या क्लिकची जी धंद्याची रूढी आहे तिलाच धरून आपण वागतो. खरेखोटे न्यायालये पाहतील. पण रूढीच जर अशी असेल, तर मोजपट्टी कोणाच्या हिताची आहे हे वेगळे सांगायला नको. मुदतीचेही तसेच. कोठे ती 30 दिवसांची, कोठे 90 दिवसांची. अ‍ॅमेझॉनकडे साधारण 24 तासांची. पंचविसाव्या तासाला आलेल्या गिऱ्हाइकासाठी केलेले काम फुकट.

दामाचे पाहा. माल परत करण्याची मुदत सरल्याशिवाय कमिशन पक्के होत नाही, आणि ठराविक रक्कम साठल्याशिवाय ते हाती पडत नाही. वैशाखात केलेल्या कामाचा पैसा आषाढात येतो. वाण्याचे बिल मात्र वैशाखातच भरावे लागते.

यावर कोणी म्हणेल, निदान गिऱ्हाईक तरी आपले ना? तेही पुरते नाही. गिऱ्हाईक येते गूगलच्या शोधातून किंवा यूट्यूबच्या शिफारशीतून. 2024 च्या ऑगस्टपासून गूगलने भारतात शोधाच्या माथ्यावर यंत्राने तयार केलेले उत्तर देण्यास आरंभ केला. उत्तर तेथेच मिळाल्यावर खालच्या लेखापर्यंत उतरण्याची गरज किती जणांना पडेल? ज्या रस्त्यावर आपले दुकान, तो रस्ताच दुसऱ्याच्या मालकीचा आहे.

या क्षेत्रात उघड फसवणुकीचाही एक प्रकार आहे, त्याबद्दल सावध करणे आमचे कर्तव्य आहे. ‘लिंकवर कमाई कशी करावी’ हे शिकवणारा महाग अभ्यासक्रम आधी विकत घ्यायचा, आणि मग कमाई कशावर? तर तोच अभ्यासक्रम दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यावर! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2018 साली माय ऑनलाइन बिझनेस एज्युकेशन या मंडळींविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, ती अशाच व्यवहारासाठी. लोकांकडून साडेबारा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उकळल्याचा तिचा आरोप होता. आपल्याकडे अशा साखळ्यांना 1978 चा प्राइज चिट व पैसा फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा लागू पडू शकतो, आणि थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनीही पिरॅमिड पद्धतीला मनाई केली आहे. पारख सोपी आहे. माल वापरण्यासाठी घेणारे कोणी आहे काय, की जो तो पुढे विकण्यासाठीच घेतो आहे? दुसरे उत्तर आले की तेथून उठावे.

जो प्रामाणिकपणे हे काम करील त्यानेही कायदा जाणून घ्यावा. कमिशन मिळत असेल तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजे, असे केंद्राच्या ग्राहक खात्याने 2023 च्या जानेवारीत काढलेल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाखांपर्यंत, आणि पुन्हा तसे केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो नुसत्या कारखानदाराला नव्हे, शिफारस करणाऱ्यालाही.

मग नोकरी सोडावी की न सोडावी? प्रथम एवढे ध्यानात घ्यावे, की 30,000 चे कमिशन म्हणजे 30,000 चा पगार नव्हे. पगारदाराच्या भविष्य निर्वाह निधीत मालक मूळ पगार व महागाई भत्त्याच्या 12 टक्के घालतो. वर्षाच्या सेवेमागे पंधरा दिवसांची ग्रॅच्युइटी साठते. आजारपणाची रजा असते. लिंकवाल्याला हे सारे आपल्याच खिशातून उभे करावे लागते. तेव्हा आमचा सल्ला असा : कमाई सलग बारा महिने पगाराच्या सव्वापट होईतो नोकरी सोडू नये. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. निम्म्याहून अधिक कमाई एकाच विक्रेत्यावर अवलंबून नसावी. आणि गिऱ्हाइकांचे पत्ते, त्यांच्या संमतीने, आपल्या स्वतःच्या वहीत असावेत. कारण खाते बंद करणे दुसऱ्याच्या हाती असले, तरी वही बंद करणे कोणाच्या हाती नसते.

पण एकट्याच्या शहाणपणाला मर्यादा आहे. ज्या विडी कामगार बाईचा उल्लेख वर केला, तिला 1966 च्या कायद्याने घरी काम करीत असतानाही कामगार म्हणून ओळख दिली, आणि छाटेबद्दलचा तंटा सोडवण्याची तरतूद त्यात झाली. आयुर्विमा महामंडळाचा एजंटही कमिशनवरच जगतो. तरी त्याला जुन्या पॉलिसीवर वर्षानुवर्षे कमिशन मिळते आणि ग्रॅच्युइटीही मिळते, तिची मर्यादा 2023 साली 3 लाखांवरून 5 लाख झाली. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींसाठी 1976 साली स्वतंत्र कायदा झाला. यांपैकी काहीही कोणाच्या मेहेरबानीने झाले नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘प्लॅटफॉर्म कामगार’ हा शब्द प्रथमच केंद्रीय कायद्यात आला आहे. मोटार चालवणाऱ्याने आणि घरोघर डबा पोहोचवणाऱ्याने तो लढून आणला. लिंकवर जगणाऱ्याने आपणही त्या शब्दात बसतो की नाही हे विचारले पाहिजे. आणि ते एकट्याने विचारून भागत नाही.

दर बदलण्यापूर्वी किती दिवसांची सूचना, खाते बंद केल्यास जमा कमिशन मिळणार की नाही, आणि मोजमापाची वही कामगाराला पाहता येणार की नाही, या तीन मागण्या काही क्रांतिकारक नाहीत. गिरण्यांच्या काळात साच्यावर उभा राहणारा माणूसही याच मागत होता. त्याला एक सोय होती, की सगळे एकाच फाटकातून बाहेर पडत आणि संध्याकाळी एकमेकांच्या नजरेस पडत. या नव्या कामगारांना आधी एकमेकांना शोधावे लागेल. ज्यांना हजारो अनोळखी गिऱ्हाइके शोधण्याची विद्या साधली आहे, त्यांना आपल्यासारखेच चार जण शोधणे अवघड जाऊ नये.