समुद्राचे पोशाख – लेखांक सहावा : पाय, बूट आणि हवा

गेल्या दोन लेखांकांत ड्रायसूटची, म्हणजे पाणी आत न घेणाऱ्या पाणबुड्याच्या पोशाखाची, गळपट्टी आणि मनगटपट्टी यांचा तपशील पाहिल्यावर, आता उरलेला भाग म्हणजे केवळ मापाचा नग निवडून घेण्याची बाब, अशी वाचकाची समजूत होणे स्वाभाविक आहे. आणि या समजुतीमुळे सर्वांत अधिक हेळसांड होते ती पायाची. गळ्याशी पाणी शिरले तर पाणबुड्याला ते तत्क्षणी कळते. बुटाची निवड चुकली तर मात्र ते पोशाख चढवताना कळत नाही, किनाऱ्यावर चार पावले टाकताना कळत नाही. ते कळते पाण्याखाली, डोके खाली आणि पाय वर झाल्यावर, म्हणजे चूक सुधारण्यास जेव्हा अवकाश फार थोडा असतो अशा वेळी.

रत्नागिरीच्या वाचकास या पोशाखाशी काय कर्तव्य, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या समुद्राचे पाणी वर्षाचा बहुतेक काळ पंचवीस ते तीस अंश सेल्सियसच्या दरम्यान असते, आणि तारकर्लीस अथवा मालवणास बुडी मारणाऱ्या माणसाला पातळ वेटसूट आणि साधे निओप्रीनचे बूट पुरतात. ड्रायसूटचे माहेर थंड पाण्यात. आइसलँडातील सिल्फ्रा या भेगेतील पाणी बारमाही दोन ते चार अंश असते. स्कॉटलंडच्या उत्तरेस, जेथे २१ जून १९१९ रोजी जर्मन आरमार त्याच्याच अधिकाऱ्यांनी बुडवले, त्या स्कापा फ्लोमध्येही या पोशाखावाचून फार वेळ निभाव लागत नाही, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता हरण करते. कोकणचा दर्यावर्दी तरुण मात्र कोणत्या समुद्रावर पोटापाण्यास जाईल याचा नेम नाही. शिवाय दुसरे कारण अगदी घरचे आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले तेव्हा पाण्यात चिखल, तेल आणि गटारांचा मैला एकवटला होता. अशा पाण्यात माणूस उतरवण्याचा प्रसंग येतो तेव्हा थंडी नसली तरी सर्वांग झाकणारा रबरी ड्रायसूट हाच खरा बंदोबस्त होय, आणि त्या वेळी बूट ही गौण वस्तू राहत नाही.

पायाचे महत्त्व जुन्या पाणबुड्यांना पुरते ठाऊक होते. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीबे या जर्मन कारागिराने १८३० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिरस्त्राणास जोडलेला जो बंदिस्त पोशाख सिद्ध केला, त्याच्या परंपरेतील बूट शिशाच्या तळाचे असून त्यांचा भार प्रत्येकी सात-आठ किलोच्या घरात असे. ते वजन समुद्रतळावर चालण्यासाठी, हे खरेच; परंतु त्या पोशाखाचे पाय पोटरीच्या मागे दोऱ्यांनी करकचून आवळण्याचाही शिरस्ता पुढे पडला, आणि त्याचे कारण चालण्याशी निगडित नव्हते. पोशाखातील हवा गवंड्याच्या पाणसळीतील बुडबुड्याप्रमाणे सदैव सर्वांत उंच जागा शोधते. पाणबुड्या उभा असेल तर ती खांद्याशी असते. तो उलटा झाला की तीच हवा पायांकडे धावते, पाय फुगतात, आणि फुगलेले पाय माणसाला पायांच्या दिशेने वर खेचू लागतात. दोरी याच संकटावर योजलेली होती, आणि शिसेही त्यावर कामास येई.

आजचा ड्रायसूट हलका आहे, शिसे गेले आहे; हवेचा स्वभाव मात्र पालटलेला नाही. एक लिटर हवा समुद्राच्या पाण्यात एक किलोहून किंचित अधिक भार उचलते. प्रत्येक बुटात तेवढी मोकळी जागा राहिली तर उलट्या झालेल्या माणसाच्या पायांना दोन किलोंहून अधिक ओढ वरच्या दिशेने लागते. दहा मीटर खोलीवर जो दाब असतो तो पृष्ठभागावर निम्मा होतो, सबब वर येता येता तीच हवा दुप्पट जागा व्यापते आणि ओढ वाढतच जाते. हवा सोडण्याची दंडावरील झडप अशा वेळी कामास येत नाही, कारण हवा तिच्यापाशी नसतेच. गुडघे छातीशी घेऊन अंग वळवणे आणि सरळ होऊन हवा सोडणे हाच उपाय. आणि बूट सैल असेल तर त्या झटापटीत पाय आतल्या आत बुटातून सुटतो, पायाचा फिन निरुपयोगी होतो, आणि वळायला लागणारा जोरच नाहीसा होतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की, बुटाची पहिली परीक्षा पाणी आत येते काय ही नव्हे, तर आत हवेला किती जागा उरते ही आहे.

या दृष्टीने उपलब्ध प्रकारांकडे पाहावे. एका प्रकारात जाड तळाचा रबरी बूट पोशाखालाच चिकटवलेला असतो. चढवण्यास सोपा, टिकाऊ, परंतु एका ठराविक मापात घडवलेला, त्यामुळे अरुंद पावलाच्या माणसास तो हमखास ढगळ होतो. दुसऱ्यात पोशाखाच्या पायास पातळ निओप्रीनचा अथवा लेटेक्सचा मोजा जोडलेला असून त्यावर नाडीचा स्वतंत्र बूट घालावयाचा असतो. यात खर्च व खटाटोप दोन्ही अधिक, पण नाडी आवळता येते, घोटा बांधला जातो, आणि जुन्या पाणबुड्यांची दोरी नव्या रूपात परत मिळते. ज्याला एकच पोशाख घेऊन पुष्कळ वर्षे वापरावयाचा आहे त्याने दुसरा प्रकार पत्करावा, असे मी सुचवीन. एक दक्षता मात्र त्यात अवश्य हवी. भाट्याच्या पुळणीवरून पाण्यात उतरणारा माणूस मोजा आणि बूट यांच्यामध्ये वाळूचे कण घेऊनच जातो, आणि तेच कण प्रत्येक पावलागणिक मोजा घासून अखेर टाचेपाशी त्याला छिद्र पाडतात. बुडी संपली की बूट काढून, मोजा बाहेरून धुऊन, बोटाने टाच आणि चवडा चाचपून पाहणे हा नियमच असावा. मिऱ्याच्या बाजूस वाळूऐवजी खडपे आहेत. तेथे कालवांच्या धारेने अनवाणी पाऊल कसे कापते हे कोणास सांगावयास नको, आणि पातळ मोज्याची अवस्था त्याहून निराळी होण्याचे कारण नाही. अशा किनाऱ्यावर जाड तळाची निकड निर्विवाद आहे.

आता माप. पायाचे माप सकाळी घेऊ नये. दिवसभर उभे राहिल्यावर पाऊल किंचित फुगते, आणि पोशाखाखाली ते अशाच अवस्थेत असावयाचे. जे लोकरी मोजे प्रत्यक्ष घालावयाचे तेच घालून, कागदावर उभे राहून, दोन्ही पावलांची रेघ काढावी, आणि त्यांपैकी मोठे पाऊल हे प्रमाण मानावे. अंगठ्यापुढे करंगळीच्या जाडीएवढी मोकळीक पुरे. बोटे हलली पाहिजेत, यात तडजोड नाही, कारण घट्ट बुटात लोकर दबते, दबलेली लोकर ऊब धरीत नाही, आणि रक्ताचा प्रवाह अडल्याने पाऊल अधिकच गारठते. दोन मापांमध्ये अडकल्यास मोठे घ्यावे आणि नमद्याचा पातळ तळ घालून जागा भरून काढावी. कमी पडलेली जागा मात्र वाढवता येत नाही.

परंतु केवळ पावलाची खातरजमा पुरेशी नाही, कारण बूट हा पोशाखाच्या पायाचा शेवट आहे आणि पायाची लांबी चुकली तर उत्तम बूटही वाया जातो. संपूर्ण पोशाख चढवून, आतील हवा काढून टाकून, माणसाने उकिडवे बसावे, गुडघा छातीकडे आणावा, चवडा पुढे ताणावा: या हालचालींत पाऊल बुटातून वर ओढले गेले तर पाय आखूड आहे, आणि घोट्याच्या वर कापडाच्या घड्या साचल्या तर तो लांब आहे, त्या घड्या म्हणजेच हवेची कोठारे. मग उताणे निजून पाय भिंतीला लावावेत आणि सोबत्याने बूट टाचेशी धरून ओढावा. टाच आत सरकली तर तो बूट परत करावा, मग तो कितीही स्वस्त मिळत असो.

फिन बुटासह पारखावेत, स्वतंत्रपणे कधीही नव्हे. जाड बुटास रुंद खोबणीचा फिन लागतो, आणि वेटसूटवर वापरलेली जोडी बहुधा बसत नाही. पाय हलके वाटतात म्हणून घोट्यास अर्धा-एक किलोची वजने बांधणारे पुष्कळ आहेत. मला तो उपाय रुचत नाही, कारण प्रत्येक हालचालीत ते वजन ओढावे लागते आणि पाय लवकर थकतात. आधी बूट दुरुस्त करावा, मग भारी रबराच्या फिनचा विचार करावा, आणि त्यानेही भागले नाही तरच वजनांकडे वळावे.

चिकटवलेला बूट झिजला तर तो बदलता येतो, आणि येथे रत्नागिरीच्या माणसास आपल्या हवामानाचा मुलाहिजा ठेवावाच लागतो. जुना गोंद खरडून, दोन्ही पृष्ठभाग खरखरीत करून, पातळ थर लावून तो सुकू द्यावा लागतो. परंतु गोंदातील द्रव उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, आणि आषाढातील दमट हवेत त्या थंड पृष्ठभागावर बाष्प जमते. डोळ्यांना ते क्वचितच दिसते, आणि सांधा बसल्यासारखा वाटूनही काही बुड्यांनंतर कडेने उकलतो. म्हणून हे काम पावसाळ्यात हाती घेऊ नये. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की दुपारच्या वेळी, सावलीत, दोन थर देऊन, सांधा लाकडी रुळाने घट्ट दाबून, निर्मात्याने सांगितलेला काळ तो पुरता वाळू द्यावा. त्यानंतर गळपट्टी व मनगटपट्ट्या बंद करून पोशाखात हवा भरावी, सांध्यावर साबणाचे पाणी ब्रशने फिरवावे, आणि बुडबुडा निघेल तेथे खडूने खूण करून तेवढाच भाग पुन्हा उकलून चिकटवावा.