वाटी मधोमध ठेवली की

कुत्र्याला वचक हवा, नाहीतर तो डोक्यावर बसतो, असं पट्टा हिसडणारे सांगतात. वचकानं आज्ञा पाळल्या जातात, हे खरंच, पण किंमत? पोर्तुगालमधल्या संशोधकांच्या 2020 सालच्या अभ्यासात 92 पाळीव कुत्री होती. वाटी एका बाजूला असली तर खाऊ, दुसऱ्या बाजूला असली तर रिकामी, एवढं त्यांतल्या बहुतेकांना आधी शिकवलं. मग वाटी मधोमध ठेवली. बक्षिसावर शिकलेली कुत्री लगबगीनं गेली; ओरडा आणि हिसके खाल्लेली रेंगाळली, जणू वाटी रिकामीच असणार.

आता कोणी म्हणेल, मुळातल्या बुजऱ्या किंवा द्वाड कुत्र्यांनाच कडक शाळेत धाडत असतील. शंका रास्त आहे. वाटणी काही चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. पण लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, त्याच कुत्र्याच्या घरच्या पातळीशी ताडलं, तेव्हा धाकाच्या वर्गानंतर ते जास्त चढलेलं दिसलं. ‘कामाच्या कुत्र्याला तरी कडकपणा हवाच ना?’ हा आक्षेप मला उलटाच वाटतो. बॉम्ब हुंगणाऱ्या कुत्र्याचंच घ्या. बॉम्ब कुठे दडवलाय हे हँडलरलाच ठाऊक नसतं. मग तो लॅब्राडॉरला हुकूम काय सोडणार? वास सापडला की कुत्र्यानं नुसतं खाली बसायचं, उकरायचं नाही, आणि चेंडू मिळवायचा. चुकण्याची धास्ती बसलेला कुत्रा बॅगा हुंगायच्या सोडून हँडलरच्या चेहऱ्याकडेच बघत राहील.