डोळे मिटणे आणि सेवा

डोळे मिटून बसल्याने समाजाचे काय भले होणार, हा आक्षेप जुनाच. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६पासून विपश्यना शिबिरे चालतात; तिथे याचे उत्तर ध्यानकक्षापेक्षा स्वयंपाकघरात सापडते. दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही, खर्च आधीच्या साधकांच्या दानातून भागतो. पहाटे चारची घंटा वाजवणे, भाजी चिरणे, जेवण वाढणे ही कामे धम्मसेवक विनावेतन करतात, आणि त्यासाठी आधी स्वतः एक पूर्ण शिबिर केलेले असावे लागते. ही अट मला कळीची वाटते. शिबिरात अंगावरच्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहण्याची सवय जडली, की कुणी वाकडे बोलले तर राग डोक्यात जाण्याआधीच लक्षात येतो. सेवेत मानापमान पावलोपावली, तेव्हा ही सवय तिथेच कामी येते (आणि तिथेच कसाला लागते).

मग समाजातल्या विषमतेचे काय? भिक्खू हा परिपूर्ण माणूस की समाजसेवक, असा रोखठोक प्रश्न बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’च्या प्रास्ताविकात केला होता. तो टाळता येत नाही. ध्यानाने कायदे बदलत नाहीत. १९९४मध्ये तिहार तुरुंगात हजारावर कैदी शिबिराला बसले, म्हणून त्यांचे खटले काही लवकर निकाली निघाले नाहीत. मात्र तुरुंगातच कायमचे केंद्र सुरू झाले आणि शिबिर केलेले कैदी पुढच्या शिबिरांत सेवेला उभे राहू लागले.