सॅम्पलरवर ताल कसा रचतात?

वादक एकही नाही, तरी ताल जिवंत वाटतो. हिप-हॉपमधल्या अनेक गाण्यांमागे सॅम्पलर नावाचं यंत्र असतं. त्यातलं गाजलेलं यंत्र म्हणजे रॉजर लिन यांनी अकाई या जपानी कंपनीसाठी घडवलेलं 'एमपीसी ६०'. ते १९८८ मध्ये बाजारात आलं.

या यंत्रावर रबराची १६ बटणं असतात. त्यांना पॅड म्हणतात. आधी बाहेरचा आवाज यंत्रात रेकॉर्ड करायचा: ड्रमचा ठोका, जुन्या रेकॉर्डचा तुकडा, अगदी टाळीसुद्धा. मूळ एमपीसी ६० मध्ये जेमतेम १३ सेकंदांचे आवाज मावत. त्यामुळे नको तो भाग कापून एकेक तुकडा एकेका पॅडवर ठेवावा लागे.

मग येतो सिक्वेन्सर. समजा, दोन आवर्तनांचा ठेका करायचा आहे. रेकॉर्ड सुरू केलं की मेट्रोनोम टिकटिकू लागतो. पहिल्या फेरीत फक्त किक ड्रम वाजवायचा. दोन आवर्तनं संपली की यंत्र थांबत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आता त्यावरच स्नेअर वाजवायचा, पुढच्या फेरीत झांज. असे थर चढत जातात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सिक्वेन्सर आवाज साठवत नाही. कोणतं पॅड, कधी आणि किती जोरात दाबलं, एवढंच तो टिपतो. म्हणून ठेका तोच ठेवून नंतर आवाज बदलता येतो.

'कधी' याचं माप बारीक असतं: एका ठोक्याचे ९६ भाग. मिनिटाला ९० ठोक्यांची लय असेल, तर एक भाग साधारण ७ मिलिसेकंदांचा. बोट जरा चुकलं, तर यंत्र तो ठोका जवळच्या ठरावीक जागेवर सरकवतं. याला क्वांटाइझ म्हणतात. पण सगळंच सरळ केलं की ताल घड्याळासारखा कोरडा होतो. त्यावर लिन यांचा उपाय म्हणजे 'स्विंग': जोडीतला दुसरा ठोका किंचित उशिरा पाडायचा.

डेट्रॉइटचा निर्माता जे डिला याने काही ठोके मुद्दाम पुढेमागे ठेवले आणि तो डुलता ताल पुढे ड्रमवादकही शिकू लागले. २००६ मध्ये तो वारला. त्याचं एमपीसी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.