विली नेल्सन : लेखणी हवी, गळा नको

अमेरिकी कंट्री संगीतात विली नेल्सनची ओळख ठरून गेली आहे: दोन लांब वेण्या, कपाळाला बांधलेला रुमाल आणि नॅशव्हिलच्या प्रस्थापितांकडे पाठ फिरवून टेक्सासला परतलेला बंडखोर. ही गोष्ट खोटी नाही, पण तिच्यात एक महत्त्वाचा तपशील झाकला जातो. नॅशव्हिलने नेल्सनला सरसकट नाकारलं नव्हतं. त्याची गाणी तिथे हातोहात खपत होती. नको होता तो त्याचा गळा. त्याची कारकीर्द बंडाची कथा म्हणून न वाचता एका गायनपद्धतीला उशिरा मिळालेल्या मान्यतेची कथा म्हणून वाचली, तर तिच्यातल्या बऱ्याच विसंगती सुटतात.

1933 साली टेक्सासमधल्या अ‍ॅबट या खेड्यात तो जन्मला. आजी-आजोबांनी वाढवलं, लहानपणी शेतांत कापूस वेचला. पैशांच्या चणचणीत ‘फॅमिली बायबल’ हे गाणं त्याने अवघ्या 50 डॉलरला विकलं; 1960 मध्ये क्लॉड ग्रेच्या आवाजात ते गाजलं आणि विकणारा कोरडाच राहिला. नॅशव्हिलला आल्यावर पॅम्पर म्युझिक या प्रकाशनसंस्थेत तो आठवड्याला 50 डॉलरवर गीतकार म्हणून लागला. मग 1961 हे वर्ष उजाडलं. फॅरन यंगने ‘हॅलो वॉल्स’ कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं, पॅट्सी क्लाइनचं ‘क्रेझी’ दुसऱ्या क्रमांकावर पोचलं, बिली वॉकरने ‘फनी हाऊ टाइम स्लिप्स अवे’ गायलं. एवढं यश एका वर्षात क्वचितच कुणा गीतकाराच्या वाट्याला येतं. गायक म्हणून मात्र पुढची दहा वर्षं, एक-दोन अपवाद वगळता, त्याच्या तबकड्या रेंगाळत राहिल्या.

कारण त्याच्या लयीत आहे. नेल्सन ठेक्याला चिकटून गात नाही. ओळ मागे रेंगाळू देतो, मध्येच घाईने पुढे जातो, आणि आता हा चुकला असं वाटत असतानाच बरोबर जागेवर येतो. आवाज काहीसा नाकातला, बोलण्याच्या जवळचा. फ्रँक सिनात्रा आणि जँगो राइनहार्ट हे त्याचे आदर्श. म्हणजे कान अर्धा जॅझकडे. साठच्या दशकातल्या नॅशव्हिलची घडण नेमकी उलट होती. व्हायोलिनांचा ताफा, मागे कोरस, सगळं आधी बेतलेलं. क्लाइनच्या भरदार स्वरांना हा साज शोभला, तिला त्याने उचलून धरलं. नेल्सनच्या गाण्यात मात्र तो थांबण्याच्या जागाच भरून टाकत असे. आरसीए कंपनीत त्याच्या तबकड्यांची जबाबदारी चेट अ‍ॅटकिन्ससारख्या जाणत्या माणसाकडे होती, म्हणून दोष अज्ञानाचा म्हणता येत नाही. यंत्रणेला एकच साचा ठाऊक होता.

डिसेंबर 1970 मध्ये नॅशव्हिलजवळचं त्याचं घर जळालं. आगीतून वाचवलेल्या वस्तूंत ‘ट्रिगर’ ही मार्टिन कंपनीची गिटार होती. 1972 मध्ये तो टेक्सासमधल्या ऑस्टिनला स्थिरावला आणि तिथल्या आर्माडिलो सभागृहात त्याला लांब केसांची तरुण पोरं आणि गुराखी टोपीवाले शेतकरी एकत्र ऐकू लागले. पण निर्णायक ठरला तो कोलंबिया कंपनीशी झालेला करार, ज्यात ध्वनिमुद्रणाचे सगळे निर्णय त्याच्या हाती आले. 1975 चा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ टेक्सासमधल्याच गार्लंडच्या एका स्टुडिओत मोजक्या वाद्यांवर झाला. कंपनीला तो कच्चा खर्डा वाटला. त्यातल्याच गाण्याने नेल्सन गायक म्हणून प्रथमच पहिल्या क्रमांकावर गेला, आणि ते गाणं त्याचं नव्हतंच. फ्रेड रोझने चाळीसच्या दशकात लिहिलेलं होतं. 1978 च्या ‘स्टारडस्ट’मध्ये तर जुनी लोकप्रिय गाणीच आहेत. बुकर टी. जोन्सने त्याची निर्मिती केली, आणि कंट्रीच्या यादीत तो अल्बम जवळपास दहा वर्षं टिकला.

यावर कुणी म्हणेल, मग गीतकार आटला का? अंशतः हो. ‘ऑन द रोड अगेन’ 1980 चं असलं, तरी त्याची सर्वांत टिकाऊ रचना साठच्या दशकातली आहे, आणि ‘ऑलवेज ऑन माय माइंड’ किंवा ‘पँचो अँड लेफ्टी’ ही नंतरची यशं इतरांच्या लेखणीची. पण दुसऱ्याचं गाणं आपलं करून गाणं ही त्याची माघार नव्हती. ज्यासाठी तो झगडला तेच हे होतं.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: ‘आउटलॉ’, म्हणजे बंडखोर कंट्री गायकांची चळवळ, हे बाजाराने चिकटवलेलं लेबल. 1976 चा ‘वाँटेड! दि आउटलॉज’ आरसीएने बहुतांशी जुन्याच ध्वनिमुद्रणांतून जुळवला होता, आणि दहा लाखांच्या विक्रीचा प्लॅटिनम शिक्का मिळवणारा तो पहिला कंट्री अल्बम ठरला. आक्षेप मान्य. मात्र त्यात नेल्सनची ‘मी अँड पॉल’ आणि ‘यस्टर्डेज वाइन’ ही 1971 ची गाणी होती. त्याच कंपनीने आधी काढलेली, तेव्हा पडलेली. पाच वर्षांत गाणी बदलली नव्हती, ऐकणाऱ्यांचे कान बदलले होते.

अल्बम फार झाले, ही तक्रार मात्र रास्तच. सत्तरहून अधिक स्टुडिओ अल्बमांपैकी कित्येक नसते तरी चाललं असतं. 1990 मध्ये करखात्याने 1 कोटी 67 लाख डॉलरची थकबाकी दाखवून त्याच्या मालमत्तेवर टाच आणली, आणि ती फेडण्यासाठी त्याने ‘दि आयआरएस टेप्स’ काढला. त्यात फक्त गळा आणि गिटार आहे. कर्ज फेडायला काढलेलं हे ध्वनिमुद्रण त्याच्या उत्तम कामांत मोडतं.

नव्या श्रोत्याने सुरुवात बंडखोरीच्या कथांपासून करू नये. आधी क्लाइनचं ‘क्रेझी’ ऐकावं, मग 1962 च्या पहिल्या अल्बममधलं त्याचं स्वतःचं, आणि लगेच ‘स्टारडस्ट’ लावावा.