वाळूजचे शॉकअप आणि क्लच

छत्रपती संभाजीनगरचा सुट्या भागांचा धंदा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वाढला, आणि तो वाढवला बजाजने. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला. त्याच वर्षी अनुरंग जैन यांनी ॲल्युमिनियम डाय-कास्टिंगची दोन यंत्रे लावून आजच्या एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीजचा पाया घातला. ओतकाम करणारी ही कंपनी पुढे शॉक ॲब्सॉर्बर, क्लच आणि ब्रेककडे वळली. अनुरंग यांचे जुळे भाऊ तरंग जैन यांची व्हॅरॉक आणि सायलेन्सर-चासी बनवणारा बडवे समूह ही याच शहरातली बडी नावे. स्कोडाने २००१ पासून शेंद्र्याला मोटारी जुळवल्या खऱ्या, पण इथल्या कारागिरीचा हात बसला तो दुचाकीवर.

वेगवान गाड्यांचे काम आले केटीएमबरोबर. बजाजने २०१२ मध्ये या ऑस्ट्रियन कंपनीची २०० ड्यूक ही मोटरसायकल भारतात आणली. अशा गाड्यांना लागणारे उलटे फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे शॉकअप, एन्ड्युरन्सने ऑस्ट्रियाच्या डब्ल्यूपी कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने बनवले. साध्या फोर्कमध्ये जाड नळी खाली, चाकाकडे असते. उलट्या फोर्कमध्ये ती वर, हँडलकडे घट्ट धरलेली असते. त्यामुळे जोरात ब्रेक मारला तरी पुढचा भाग पिळवटत नाही, गाडी वळणावर धरलेली रेषा सोडत नाही. २०२० मध्ये एन्ड्युरन्सने इटलीतली ॲडलर विकत घेतली. ॲडलरची खासियत मोटरसायकलचा क्लच. स्लिपर क्लचमध्ये तिरके कंगोरे असतात. चालकाने भरवेगात गिअर खाली टाकला की मागच्या चाकाकडून उलटा येणारा जोर त्या कंगोऱ्यांवर चढतो, प्लेटांवरचा दाब क्षणभर सैल होतो आणि चाक उड्या मारत घसरत नाही. हे शर्यतीचे तंत्र आता कॉलेजच्या पोरांच्या गाडीतही आले आहे.

बहुतेक माल गाडी बनवणाऱ्या कंपन्यांकडे जातो. उरलेला कंपनीच्याच खोक्यातून स्पेअरच्या दुकानात पोचतो. तिथे त्याची खरी झुंज डुप्लिकेट मालाशी असते, कारण गिऱ्हाईक आधी किंमत विचारते.

गाडीची ताकद वाढवण्यासाठी भाग बदलण्याचा धंदा मात्र आपल्याकडे अरुंदच राहिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. तरी फटाके फोडणारा सायलेन्सर खपतोच. नुसता सायलेन्सर बदलून फारसे काही हाती लागत नाही: हवा-इंधनाचे गणित न बदलता तो बसवला तर वाढतो तो मुख्यतः आवाज. मूळ मापाचा पण सरस क्लच, ब्रेक पॅड किंवा शॉकअप बसवणे हा त्यामानाने शहाणा खर्च. गाडी अधिक पळत नाही, पण हातात राहते.